जुन्नर ते नाणेघाट: सोप्या रस्त्याने सह्याद्रीच्या धारेवर, आणि तिथंच मुक्काम

साध्या हॅचबॅक गाडीने सह्याद्रीच्या ऐन धारेपर्यंत जावं, गाडी लावून थोडं चाललं की पायाखाली कोकण दिसावं आणि रात्री त्याच पठारावर तंबू ठोकता यावा, अशा जागा मोजक्याच आहेत. नाणेघाट ही त्यांतली एक. जुन्नरपासून साधारण ३० किलोमीटर अंतर, रस्ता बहुतेक सगळा डांबरी. नवशिक्या चालकालाही तो झेपतो. लोक अडकतात ते माथ्यावर पोचल्यानंतर. वाऱ्याचा अंदाज चुकतो, मेखा जमिनीत शिरत नाहीत, पाणी संपतं आणि अंधारात कडा नेमका कुठं आहे ते कळत नाही. म्हणून या लेखात रस्त्यापेक्षा रात्रीबद्दल जास्त लिहिलं आहे.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची अखेर हा मुक्कामाचा खरा हंगाम. ऑक्टोबरात गवत अजून हिरवट-पिवळं असतं, ओहोळांत थोडं पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत हवा सर्वांत स्वच्छ आणि पहाट सर्वांत गार. पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि वाऱ्यामुळे गारठा त्याहून जास्त बोचतो. मार्चपासून गवत कडकडीत वाळतं आणि वणव्याचा धोका सुरू होतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर विस्तवाचा विचारही नको.

पावसाळ्यात नाणेघाट गाजतो तो उलट्या धबधब्यासाठी. पश्चिमेचा वारा उभ्या कड्यावर आदळून वर चढतो आणि खाली पडणारं पाणी परत माथ्यावर फेकतो. तो पाहायला दिवसा जा. मुक्काम मात्र पावसाळ्यात करू नये. पाण्याचे लोट वर फेकणारा वारा तंबूचं काय करेल हे वेगळं सांगायला नको. शिवाय धुकं आलं की चार हातांवरची कड दिसत नाही. पावसाळ्यात कडे आणि धबधब्यांच्या परिसरासाठी जिल्हा प्रशासन मनाईचे आदेशही काढतं. निघण्यापूर्वी त्यांची खात्री करून घ्या.

नकाशातल्या दोन चुका

पहिली चूक मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांची. कल्याण-मुरबाड-टोकावडे करत माळशेजकडे येताना वैशाखरे गावाच्या पुढे नाणेघाटाची पाटी लागते. ती पायवाटेची आहे. तिथून जुनी घाटवाट दोन-तीन तासांच्या चढाईने माथ्यावर येते, गाडी येत नाही. गाडी असेल तर सरळ पुढे जाऊन माळशेज घाट चढायचा, गणेश खिंडीतून जुन्नर गाठायचं आणि मग पुन्हा पश्चिमेकडे वळायचं. हा वळसा मोठा आहे, पण गाडीला दुसरी वाट नाही.

दुसरी चूक कुठूनही येणाऱ्याची होते. नाणेघाटाच्या अलीकडचं गाव घाटघर. याच नावाचं, जास्त प्रसिद्ध घाटघर भंडारदऱ्याजवळ अकोले तालुक्यात आहे. फोनमध्ये नुसतं ‘घाटघर’ टाकलं तर तो तिकडे नेऊ शकतो. म्हणून आधी ‘जुन्नर’ टाका, तिथं पोचल्यावर ‘आपटाळे’, मग ‘नाणेघाट’. जुन्नरमध्येच नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पुढे नेटवर्क येतं-जातं आणि सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं.

पुण्याहून नाशिक महामार्गाने नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर, तिथून डावीकडे जुन्नर १५ किलोमीटर. नारायणगावला बायपास झाल्यामुळे गाव मागे टाकून पुढे निघून जाणं सहज घडतं, तेव्हा जुन्नरच्या पाटीकडे लक्ष असू द्या. चाकणची कोंडी टाळायची तर सकाळी सहाच्या आधी ती पार करावी लागते. सातला निघालेल्याचा एक तास तिथंच जातो आणि तो तास संध्याकाळी तंबू ठोकताना कमी पडतो.

गाडी

फोर-व्हीलची काहीच गरज नाही. चारही टायर बरे असावेत आणि सुट्या चाकात खरोखर हवा भरलेली असावी. ती महिनोन्महिने कुणी तपासत नाही आणि गरज पडते तेव्हा चाक बसलेलं सापडतं. जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायला फूटभराची जाड फळी घ्या. रस्त्याकडेच्या भुसभुशीत मातीत फळीशिवाय जॅक रुततो.

इंधन जुन्नरला पूर्ण भरा. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगचा हिशोब महामार्गावरच मिटवा आणि माथ्यावरून परत महामार्गापर्यंत पोचण्याइतकी बॅटरी राखून ठेवा. रोख पैसेही जुन्नरलाच काढा. पुढे गाडीतळ, जेवण, जागेचं भाडं, सगळं रोखीत द्यायची तयारी हवी.

जुन्नरपासून पुढे

जुन्नर सोडलं की शिवनेरी मागे पडतो आणि रस्ता पश्चिमेकडे, कुकडी नदीच्या खोऱ्यातून जातो. माणिकडोह धरणाचा जलाशय अधूनमधून दिसत राहतो. आपटाळे हे वाटेवरचं मोठं गाव. चहा, बिस्किटं, शेवटच्या क्षणी आठवलेली काडेपेटी इथं घ्या. पुढे दुकानांचा भरवसा नाही.

आपटाळ्यानंतर रस्ता अरुंद होतो. दोन गाड्यांना एकमेकींना वाट देताना एकीचं चाक डांबराखाली उतरवावं लागतं. इथंच बहुतेक गाड्यांना मार बसतो, कारण पावसाने साइडपट्टी धुपून डांबराची कड वीतभर उंच राहिलेली असते. वेगात चाक खाली उतरवलं की टायरची बाजू कापली जाते किंवा गाडीचं पोट घासतं. समोरून एसटी दिसली की लगेच रुंद जागा शोधून थांबा. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय रेटून ठेवू नका. संध्याकाळी पाच ते सहा गुरं परतायची वेळ असते. त्यांच्यामागे हॉर्न वाजवून काही मिळत नाही, बिथरलेली म्हैस मात्र गाडीवर येते.

वाटेत दोन थांबे करण्यासारखे आहेत. चावंड किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाऊण ते एक तासाचा. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, आधाराला रेलिंग आहे आणि वर ओळीने सात टाकी. वेळ नसेल तर चावंड सोडा, पण कुकडेश्वर सोडू नका. पूर गावाजवळ, कुकडीच्या उगमापाशी असलेलं हे शिवमंदिर लहान आहे, पण भिंतींवरचं कोरीवकाम अर्धा तास उभं राहून पाहावं असं आहे. सावली आहे, डबा खायला जागा आहे.

हा सगळा पट्टा हिरड्याचा आणि भातशेतीचा. गावं बहुतांशी महादेव कोळी समाजाची. हिरडा गोळा करून विकणं हा इथल्या अनेक घरांचा रोख उत्पन्नाचा आधार आहे, त्यामुळे सरपणासाठी झाडाची फांदी मोडणं म्हणजे कुणाच्या तरी मिळकतीवर हात टाकणं. भात कापणीच्या दिवसांत खाचरं रिकामी दिसली तरी त्यात गाडी किंवा तंबू घालू नये.

घाटघरमध्ये दुपारी तीनच्या आत पोचा. इथं दोन कामं उरकायची. एक, मुक्कामाची जागा पक्की करणं. पठारावरची जमीन काही खासगी, काही गावाची, काही वनखात्याची आहे, तेव्हा कुठं तंबू लावलेला चालतो आणि शुल्क किती, हे गावातच विचारा. इथली काही मंडळी स्वतःच्या जागेत मुक्कामाची सोय करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच घ्यावी. दुसरं, जेवण सांगणं. पिठलं-भाकरी, भात-आमटी घरगुती मिळते, पण चार वाजेपर्यंत माणसं मोजून सांगावं लागतं. आयत्या वेळी आठ जणांच्या भाकऱ्या कुणी थापून देत नाही.

पठारावर

घाटघरच्या पुढे डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगी सुळका दिसू लागतो. रस्ता संपतो तिथं उघडं, गवताळ पठार लागतं. गाडी गाडीतळावरच लावा. गवतावर चाकं घालून कड्याच्या टोकापर्यंत जाणारे खूप आहेत. ऑक्टोबरातही वरचा थर आतून ओला असतो. चाक एकदा बसलं की ओढून काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि चाकोऱ्या पुढच्या पावसात ओघळ होऊन माती वाहून नेतात. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला वळवून ठेवा. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अंधारात गाडी वळवत बसावं लागत नाही.

चार ते साडेपाच हा वेळ फक्त तंबूसाठी राखा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात पूर्ण अंधार होतो.

जागा निवडताना पहिली अट अंतराची: कड्यापासून किमान ५० मीटर, म्हणजे साठ-सत्तर मोठी पावलं, मागे. हे नुसतं पडण्याच्या भीतीने नाही. कड्यावर आदळून वर चढणारा वारा कडेपाशीच सर्वांत जोरात असतो. मागे सरकावं तसा त्याचा जोर उतरतो. एखादी चढाची कुशी किंवा झुडपांची रांग पश्चिमेला येईल अशी जागा मिळाली तर उत्तम. खोलगट जागा मात्र नको, कारण तिथं थंड हवा साचते आणि पहाटे तंबू आतून-बाहेरून दवाने चिंब होतो.

वाऱ्याची एक गंमत ध्यानात ठेवा. हिवाळ्यात दुपारनंतर तो कोकणातून वर येतो, रात्री उशिरा बहुधा उलटतो आणि पहाटे देशावरून कोकणाकडे वाहतो. संध्याकाळी पश्चिमेकडे पाठ करून लावलेल्या तंबूच्या दारात पहाटे वारा सरळ शिरतो. म्हणून दार उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा आणि ताण-दोऱ्या चारही बाजूंनी लावा.

आता मेखा. इथं माती चार बोटं, त्याखाली काळा कातळ. बाजारात तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा वाकतात किंवा दोन इंचांवर थबकतात. जोर लावून ठोकत बसू नका. चार माणसांच्या तंबूला आठ-दहा दोऱ्या लागतात. प्रत्येकीसाठी दोन दगड घ्या, एक नारळाएवढा, दुसरा उचलायला दोन हात लागतील एवढा. दोरीचा फास लहान दगडाला पक्का बसवायचा, तो तंबूपासून लांब ठेवायचा आणि मोठा दगड त्याच्या अलीकडे, दोरीवर टेकवून ठेवायचा. ताण पडला की लहान दगड मोठ्यावर अडतो आणि मोठा हलत नाही. नुसता एक दगड दोरीवर ठेवला तर तो घसरत जातो आणि मध्यरात्री तंबू अंगावर येतो. दोरी दगडाच्या धारेवर कापते, तिथं जुन्या फडक्याची पट्टी गुंडाळा. दोऱ्या घरूनच जास्तीच्या घ्या: ४ मिलिमीटर जाडीची, २० मीटर.

दगड गोळा करताना दोन पथ्यं. उचलण्याआधी काठीने किंवा बुटाने उलटवा, कारण फुरसं आणि विंचू दगडाखालीच असतात. आणि शेताच्या बांधाचा किंवा घाटातल्या जुन्या फरसबंदी वाटेचा एकही दगड हलवायचा नाही. त्या वाटेचा प्रत्येक दगड हा ऐतिहासिक ठेवा आहे.

तंबूखाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान असावं. बाहेर डोकावणारं प्लास्टिक दव गोळा करून आत पाठवतं. त्यावर फोमची चटई हवीच. कातळ रात्रभर अंगातली ऊब शोषतो आणि खाली चटई नसेल तर चांगल्या प्रतीची झोपण्याची पिशवीही निरुपयोगी ठरते. झोपताना वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सगळं गच्च बंद केलं की श्वासातली वाफ आतून ठिबकते.

पाणी, चूल, शेकोटी

माणशी ५ लिटर धरा: पिण्यासाठी ३, स्वयंपाक आणि धुण्यासाठी २. चौघांना वीस लिटरचा एक कॅन पुरतो. घाटात खोदीव टाकी आहेत, पण त्यांच्या पाण्यावर बेत आखू नका. घ्यावंच लागलं तर गाळून, उकळी आल्यावर किमान एक मिनिट खळखळू द्या. त्यांत हात-पाय किंवा भांडी मात्र धुवायची नाहीत.

गॅसची छोटी शेगडी आणि २३० ग्रॅमचं एक नळकांडं चौघांच्या एका रात्रीच्या चहा-जेवणाला पुरतं, पण वाऱ्यात गॅस जास्त जळतो म्हणून दुसरं जवळ असू द्या. वाऱ्याला आडोसा तीनच बाजूंनी करायचा. नळकांड्यासकट शेगडी चारही बाजूंनी झाकली तर उष्णता आत कोंडते, नळकांडं तापतं आणि फुटू शकतं. बाहेर वारा आहे म्हणून शेगडी तंबूत घेणं त्याहून घातक, आणि थंडीसाठी कोळशाची शेगडी आत घेणं सर्वांत घातक. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

शेकोटीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: करू नका. वाळलेलं गवत, सतत फिरणारा वारा आणि हाताशी नसलेलं पाणी, हे तिन्ही एकत्र असताना एक ठिणगी अख्खं पठार जाळते. त्या गवतावर गावातली गुरं जगतात. मुक्कामाची सोय करणाऱ्याने ठरावीक जागी, दगडांच्या रिंगणात शेकोटी केली तर बसा, पण उठताना राखेवर पाणी ओतून हात लावता येईल इतकी ती थंड झाली का ते बघा.

रात्र

अंधार पडण्याआधी सगळ्यांनी एकत्र जाऊन कडा कुठं आहे ते डोळ्यांनी पाहावं. मग तंबू आणि कडा यांच्यामध्ये चकाकणारी फीत किंवा पांढरी दोरी गुडघाभर उंचीवर बांधावी आणि तिच्यापलीकडे उजाडेपर्यंत कुणी जायचं नाही. लघवीला जायची वाट कड्याच्या विरुद्ध बाजूला, दिवसाच ठरवून ठेवावी. प्रत्येकाच्या डोक्याला स्वतःचा टॉर्च हवा. चौघांत एक टॉर्च म्हणजे तीन जण अंधारात. इथं मद्यपान करून टोकावर जाणाऱ्यांमुळे गावकऱ्यांना रात्री-अपरात्री शोधाला उतरावं लागतं. ज्यांना प्यायचं आहे त्यांनी दुसरी जागा शोधावी.

शौचाला खड्डा खणून माती टाकायचा नेहमीचा उपाय इथं चालत नाही, कारण सहा इंचही माती नाही. सोय असलेली मुक्कामाची जागा घ्या, असं वर म्हटलं त्याचं हेही एक कारण. कागद, ओले रुमाल, पॅड पिशवीत भरून परत न्यायचे.

जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. त्यांचा वावर खालच्या उसाच्या पट्ट्यात जास्त असला तरी वरही सावध राहावं. उरलेलं अन्न आणि कचरा गाडीत बंद ठेवा, कुत्रं सोबत आणू नका, मुलांना अंधारात एकटं सोडू नका. बाहेर जाताना दोघं जा, बोलत जा. परतीचा प्रवास रात्रीचा ठेवू नका. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात उसातून जनावर अचानक रस्त्यावर येतं.

साप चावला तर चिरा मारणं, पट्टा आवळणं, रक्त चोखणं यांतलं काहीही नको. माणसाला आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर करा, अंगठी-कडं काढा आणि १०८ ला फोन लावत लावत जुन्नरच्या दिशेने निघा. फोन लागेल या आशेवर माथ्यावर थांबू नका.

सकाळ

साडेसहाला उठा. सूर्य पाठीमागून उगवतो, त्यामुळे समोर कोकणावर सह्याद्रीची सावली पडलेली असते आणि ऊन वर येईल तशी ती आखडत जाते. हिवाळ्यात खाली धुक्याचा थर असेल तर फक्त डोंगरांची टोकं वर दिसतात. नानाचा अंगठा हा घाटावरचा उंचवटा. पठाराकडून चढ सौम्य आहे, पलीकडे सरळ तुटलेला आहे. टोकाशी वारा असेल तर उभं राहू नका, बसून किंवा पोटावर पडून पाहा. फोन काठीला लावून पुढे झुकणं तर मुळीच नको.

मग घाटात उतरा. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकात गोळा करण्यासाठी तो वापरला जाई असं परंपरेने सांगतात. प्रतिष्ठान (आजचं पैठण) आणि जुन्नरच्या बाजारपेठा कल्याण-सोपारा या बंदरांशी जोडणारी ही सातवाहनकालीन वाट. थोडं खाली लेणं आहे. आतल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात आहेत आणि भारतीय अंकांच्या जुन्या पुराव्यांत तो गणला जातो. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. अक्षरं नीट दिसायला टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ समांतर धरा, कोरीव खाचांत सावली पडते आणि ओळी उठून येतात. अक्षरांवर बोट फिरवू नका, खडू किंवा पाणी लावू नका. हे संरक्षित स्मारक आहे. आत झोपणं, स्वयंपाक करणं वर्ज्य.

जीवधनला त्याच दिवशी जायची घाई करू नका. त्या वाटेवर तुटलेल्या पायऱ्यांचा टप्पा आहे आणि गावातला वाटाड्या बरोबर हवा.

निघताना दगडांना बांधलेल्या दोऱ्या सोडून दगड मूळ जागी पसरून ठेवा. तसेच सोडले तर गुरांच्या पायात येतात. प्लास्टिक उचलताना तंबूखालची माती तपासा, मेखा आणि दोरीचे तुकडे तिथंच राहतात. कचऱ्याची पिशवी घाटघरमध्ये टाकू नका, गावाकडे ती उचलायची व्यवस्था नाही. जुन्नरपर्यंत गाडीतच राहू द्या. दहाच्या आत निघालात तर आपटाळ्याला गरम चहा घेऊन दुपारच्या जेवणाला नारायणगाव गाठता येतं.